करकोचे खाडीत येतात, मग इथे घरटी का करत नाहीत?

नेरूळला एनआरआय संकुलामागच्या तळ्याच्या बांधावर सकाळी फिरायला येणारी मंडळी कुणाच्या गळ्यात दुर्बीण दिसली की दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "हे फ्लेमिंगो ना?" नाही म्हटलं की दुसरा, "मग यांची घरटी कुठे असतात?" पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. दुसऱ्याचं द्यायला घेतलं तर समोरच्याची ऑफिसची वेळ होते, कारण त्यात मासे, पाणी, झाडं, भटकी कुत्री आणि थोडा शाळेतला भूगोल असं सगळंच येतं. ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हा लेख.

आधी पक्षी ओळखून घेऊ. नवी मुंबईच्या तळ्यांवर ज्याच्याबद्दल हे प्रश्न येतात तो करकोचा म्हणजे चित्रबलाक, ज्याला रंगीत करकोचाही म्हणतात. उंची जवळपास मीटरभर, पंख पसरले की दीड मीटर. अंग पांढरं, पंखांवर काळी-पांढरी नक्षी, छातीवर काळा पट्टा, पिसं नसलेलं केशरी डोकं, आणि लांब पिवळी चोच, टोकाशी जराशी खाली वळलेली. शेपटीवर गुलाबी पिसांचा झुपका असतो, आणि सगळा घोटाळा त्या गुलाबीमुळे होतो. फ्लेमिंगोची चोच मध्येच मोडल्यासारखी वाकडी असते आणि तो डोकं उलटं करून चिखल गाळतो. करकोच्याची चोच भाल्यासारखी सरळसोट खाली जाते. बगळ्याशी गल्लत होत असेल तर तो उडेपर्यंत थांबा. बगळा उडताना मान आखडून घेतो, करकोचा पुढे ताणून धरतो.

ठाण्याची खाडी ही या पक्ष्याची जेवणाची जागा. खाडीच्या पश्चिम किनाऱ्याचा १६९० हेक्टरचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातलं निम्म्याहून जास्त क्षेत्र खारफुटीचं, उरलेलं पाण्याचं. २०२२ मध्ये त्याच्या भोवतालचा भाग धरून साडेसहा हजार हेक्टरची खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरली. अभयारण्याच्या नावात फ्लेमिंगो असला तरी खाडीत जेवायला येणाऱ्यांची पंगत मोठी आहे. तुतारी, कुदळ्या, चमचा, नाना तऱ्हेचे बगळे, आणि हा चित्रबलाक. नेरूळ-सीवूड्सची तळी, करावेजवळचा टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेचा परिसर, तिकडे उरणच्या बाजूची पाणजेसारखी पाणथळ, या सगळ्या ठिकाणी तो दिसतो. घरट्यांची वसाहत बघायची असेल तर मात्र घाट चढून जावं लागतं.

का, ते समजण्यासाठी तो जेवतो कसा हे बघावं लागेल. एखादा चित्रबलाक बांधाजवळच्या उथळ पाण्यात उतरला की दहा मिनिटं त्याच्यावरच दुर्बीण रोखून बसा. तो चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि तशीच डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत सावकाश पुढे सरकतो. मध्येच एक पाय पुढे टाकून तळचा चिखल ढवळतो. मध्येच एका बाजूचा पंख झटक्यात उघडतो आणि मिटतो. बिचकलेला मासा पळतो, कधी कधी नेमका उघड्या चोचीच्या मधोमध जातो आणि चोच खटकन मिटते. मान वर, एक आचका, मासा पोटात. या सगळ्यात त्याने पाण्यात डोकावून मासा हेरलेला नसतो. मासा चोचीला लागला, एवढंच त्याला कळलेलं असतं.

याच कुळातल्या अमेरिकन वूड स्टॉर्कवर १९६०च्या दशकात प्रयोग झाले. डोळे झाकलेला करकोचाही मासे पकडू शकला. मासा लागल्यापासून चोच मिटेपर्यंतचा वेळ मोजला तर तो सेकंदाचा चाळिसावा भाग निघाला. आपली पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून गढूळ पाणी, संध्याकाळचा अंधार, अगदी रात्रसुद्धा या पक्ष्याला अडत नाही. आपल्या खाडीचं पाणी कसं असतं ते सांगायला नको. बगळ्याला त्यात काही दिसणार नाही, चित्रबलाकाला दिसायची गरजच पडत नाही.

पण या कसबाची एक किंमत आहे. डोळ्यांनी शिकार करणारा बगळा मोठ्या तळ्यातला एकुलता एक मासाही हेरून टिपू शकतो. चोच फिरवत चाचपडणाऱ्याला ते जमणार नाही. त्याच्यासाठी तळ्यात एकूण मासे किती आहेत यापेक्षा ते किती दाटीने आहेत हे महत्त्वाचं. भरलेल्या तलावात मासे भरपूर असले तरी सगळीकडे पांगलेले असतात आणि पाणीही खोल असतं. लांब पायांच्या पक्ष्यालाही उभं राहायला वीतभर, फार तर हातभर पाणी लागतं. पाणी ओसरायला लागलं की तेच मासे डबक्यांत, खाचांत, कडेच्या उथळ पट्ट्यात गोळा होतात. तो चित्रबलाकाचा सुगीचा काळ, आणि त्याचं सगळं वेळापत्रक त्याभोवती बसवलेलं असतं.

आता घरट्याचा हिशेब. मादी साधारण तीन-चार अंडी घालते. उबवायला महिनाभर लागतो, नर-मादी आळीपाळीने बसतात. पिल्लू बाहेर आल्यावर उडायला आणखी दोन महिने, आणि उडायला लागल्यावरही काही दिवस ते जेवायला घरट्यावर परत येतं. म्हणजे काडी जमवण्यापासून धरलं तर चार महिने एका जागेला बांधून घ्यायचं. अमेरिकन वूड स्टॉर्कच्या एका कुटुंबाला विणीच्या पूर्ण हंगामात सुमारे २०० किलो मासे लागतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चित्रबलाक अंगापिंडाने त्याच्याएवढाच, तेव्हा त्याचंही त्याच्या आसपास असणार. हे २०० किलो रोज सारखे लागत नाहीत. सुरुवातीला आई-बापांचं पोट भरलं की झालं. पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की मागणी टिपेला जाते आणि दोघांनाही घरटं सोडून मासे आणायला जावं लागतं. त्या आठवड्यांत आसपासची तळी नेमकी उथळ आणि माशांनी खचाखच भरलेली हवीत. महिनाभर आधी आटली तर पिल्लं उपाशी. महिनाभर उशिरा आटली तरी उपाशीच.

म्हणून देशात चित्रबलाकांच्या विणीचे महिने जागेप्रमाणे बदलतात. भरतपूरला आणि दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, जिथे मोकळे चित्रबलाक स्वतःहून येऊन तळ्यातल्या झाडांवर घरटी करतात, तिथे काम ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतं. पावसात मासे वाढलेले असतात, त्यांची पिल्लावळ पूरपाण्यात पसरलेली असते आणि पाणी उतरायला लागतं. दक्षिणेकडे कर्नाटकात रंगनथिट्टू आणि कोक्करे बेल्लूरला हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो. आपल्याकडे इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ भादलवाडीचा तलाव आहे, तिथलं वेळापत्रक या दक्षिणेच्या वेळापत्रकाला जवळचं. हिवाळा सरताना पक्षी जमतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत पिल्लं उडतात.

भादलवाडीला एकदा तरी जावं. पुणे-सोलापूर महामार्ग सोडून थोडं आत. तलावाच्या पाण्यात बाभळी उभ्या आहेत आणि त्यांच्या शेंड्यांवर घरट्यांची दाटी, एकेका झाडावर पाच-दहा सहज. घरटं म्हणजे काटक्यांचा ओबडधोबड माचा, त्यावर थोडा हिरवा पाला. काड्या आणायचं काम मुख्यतः नराचं, रचायचं मादीचं. शेजारचं जोडपं जरा इकडेतिकडे गेलं की त्याच्या घरट्यातली काडी ओढून आणणं हाही त्या कामाचाच भाग. पाहताना हसू येतं, पण दोन मिनिटांची मेहनत वाचते हे खरं.

आपण काठावर उभे राहिलो की आधी आवाज येतो. मोठे चित्रबलाक जवळजवळ मुके असतात. जोडीदार घरट्यावर आला की दोघं मान खाली-वर करतात, फुसफुसतात, चोची खडखडवतात, संपलं. गोंगाट सगळा पिल्लांचा. दुर्बिणीत एक घरटं धरून ठेवा. तीन पिल्लं, पांढऱ्या लवीची, काळपट चोचीची, आणि तिन्ही वेगवेगळ्या आकारांची. पहिलं अंडं घातल्यावर लगेच उबवायला सुरुवात होते, त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. थोरलं धाकट्यापेक्षा बरंच पुढे असतं. बाप उतरतो. तो पिल्लाच्या चोचीत काही भरवत नाही. मान वाकवतो, एक-दोन उमाळे काढतो आणि पोटातले मासे घरट्याच्या मधोमध ओततो. पिल्लं त्यावर तुटून पडतात. थोरल्याला पहिला घास, धाकट्याला उरलंसुरलं. मासे मुबलक असतील तर तिन्ही वाढतात, कमी पडले तर धाकटं मरतं. ऐकायला निर्दय वाटतं. पण अंडी घालताना हंगाम कसा जाणार हे कुणाला माहीत असतं? एक अंडं जास्तीचं घालून ठेवायचं, साल चांगलं निघालं तर ते पिल्लू कमाई, नाही निघालं तर थोरली दोन तरी जगतात.

मार्च-एप्रिलचं इंदापूरचं ऊन वेगळं सांगायला नको. बाभळीच्या शेंड्यावर सावली कुठली? त्या वेळी एकजण घरट्याच्या कडेला उन्हाकडे पाठ करून उभा राहतो आणि पंख अर्धवट पसरून पिल्लांवर छत्र धरतो. तासन्‌तास. दुसरा चोचीतून पाणी आणून पिल्लांच्या तोंडात आणि अंगावर सोडतो. आणखी एक गोष्ट दिसेल, ती जरा ओशाळवाणी आहे. मोठ्या करकोच्यांचे गुलाबी पाय उन्हाळ्यात पांढरे फटक दिसतात. ते स्वतःच्या पायांवर पातळ शिटतात. ते वाळताना पायातलं रक्त थंड होतं, आपल्याला घाम आल्यावर होतं तसंच.

झाडं पाण्यातच का? कारण खाली पाणी असलं की रानमांजर, मुंगूस, कोल्हा, कुत्रा यांना झाडाच्या बुंध्यापर्यंत येणं जड जातं. रंगनथिट्टूला कावेरीच्या पात्रातल्या बेटांवर करकोचे घरटी करतात आणि भोवतीच्या पाण्यात मगरी असतात. त्यांच्याइतकी कडक राखण दुसरीकडे मिळणार नाही. सलीम अलींच्या सांगण्यावरून म्हैसूर संस्थानाने ती बेटं १९४० मध्ये अभयारण्य केली. पाणी वेळेआधी आटलं आणि बुंधे कोरडे पडले की हा खंदक जातो, शिवाय मासेही जातात. म्हणून ज्या वर्षी तलावात पाणी नसतं त्या वर्षी चित्रबलाक घरटी करत नाहीत. चार पिल्लांमागे सगळा हंगाम घालवून शेवटी एकही न जगण्यापेक्षा एक वर्ष गप्प बसणं परवडतं, कारण हा पक्षी बरीच वर्षं जगतो.

मग नवी मुंबईला काय होतं?

पहिला संशय भरती-ओहोटीवर येतो. खाडीतला चिखल दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी खारफुटीच्या आत शिरतं, अष्टमीच्या भांगाला कमी. भरतीच्या वेळी चिखलावर जेवण बंद. पिल्लं दर काही तासांनी ओरडणार आणि ताट पाण्याखाली, हे कसं जमायचं? पण गुजरातेत भावनगरला बघा. खंभातच्या आखाताच्या काठचं शहर, जिथली भरती-ओहोटी देशातल्या सगळ्यात मोठ्या भरती-ओहोटींपैकी. तिथे चित्रबलाक भर शहरातल्या झाडांवर घरटी करतात, खाली रिक्षा आणि स्कूटरी चालू असताना. तेव्हा भरतीचं कारण एकटं पुरत नाही.

दुसरा संशय झाडांवर. खाडीत बाभळी नाहीत, तिवरं आहेत. पण चित्रबलाकाचा आग्नेय आशियातला सख्खा भाऊ, दुधी करकोचा, मलेशिया-इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर खारफुटीवरच घरटी करतो. फ्लोरिडातला वूड स्टॉर्कही करतो. आपल्याकडची तिवरं बगळ्यांना आणि रातबगळ्यांना चालतातच. झाडाची अडचण असलीच तर ती मोठी नाही.

खरी गोम गोड्या पाण्यात आणि जमिनीच्या उतारात आहे, असं माझं मत. कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवरून उड्या मारत येतात आणि लगेच खाडीला मिळतात. पावसाळ्यात धो धो पाणी, आणि पाऊस गेला की भातखाचरं भराभर सुकतात. घाटावर उजनीसारखं प्रचंड पसरट धरण आहे. १९८० मध्ये भीमेवर ते पुरं झालं, आणि त्याचं पाणी हिवाळ्यापासून जूनपर्यंत हळूहळू मागे सरतं. रोज थोडा नवा उथळ काठ उघडा पडतो आणि रोज नव्या डबक्यात मासे अडकतात. भादलवाडीपासून हे पाणी पंखांच्या टप्प्यात आहे, आणि वर तापलेल्या हवेचे झोत मिळाले की करकोच्याला पंख न हलवता पाच-दहा किलोमीटर जाणं म्हणजे काहीच नाही. असं चार महिने सावकाश उतरणारं गोडं पाणी ठाणे-पनवेलच्या पट्ट्यात कुठे आहे? भावनगरलाही खाडीच्या जोडीला गोड्या पाण्याची तळी आहेत. पिल्लांना खारं अन्न कितपत मानवतं हाही मुद्दा आहे. अमेरिकेतल्या पांढऱ्या कुदळ्याची कोवळी पिल्लं खाऱ्या पाण्यातल्या खाण्यावर नीट वाढत नाहीत. तिथले किनाऱ्यावरचे करकोचेही पिल्लांसाठी गोड्या पाण्यातले मासे जास्त आणतात.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वसाहतीत घरटी करणारा पक्षी एकटा सुरुवात करत नाही. जिथे आधीची मंडळी बसलेली, तिथे नवं जोडपं बसतं. शेकडो डोळे एकदम पहारा देतात, चांगल्या डबक्यावरून परतणाऱ्याच्या दिशेने बाकीचे निघतात, आणि सगळ्यांची पिल्लं साधारण एकाच वेळी वाढत असल्याने घारी-कावळ्यांनी काही उचलली तरी बरीच उरतात. नव्या जागी पहिल्या पाच-सहा जोड्यांना यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे जुनी वसाहत टिकवणं सोपं आणि नवी बसवणं फार कठीण. एखाद्या तलावातल्या बाभळी एका रात्रीत तोडल्या तर पक्षी "जातील दुसरीकडे" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

थोडक्यात, खाडी ही चित्रबलाकाची नोकरीची जागा आणि बाळंतपण माहेरी. हे माहेर अभयारण्यच असतं असं नाही. भादलवाडीचा तलाव हा शेतीच्या पाण्याचा तलाव आहे. कोक्करे बेल्लूर हे तर मंड्या जिल्ह्यातलं राहतं गाव. तिथे घरांच्या अंगणातल्या चिंचांवर करकोच्यांची आणि झोळीवाल्यांची, म्हणजे पेलिकनची, घरटी असतात आणि गावकरी खाली पडणाऱ्या शिटीचं खत करतात. २००७ मध्ये त्याला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण गाव ते काम त्याच्या कितीतरी आधीपासून करत होतं. खाडीचा नकाशा रंगवून त्याभोवती रेघ मारली म्हणजे चित्रबलाक वाचला असं होत नाही. दोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या एखाद्या साध्या तलावातल्या बाभळी शाबूत आहेत की नाहीत, यावरही खाडीत उद्या किती करकोचे दिसणार हे ठरतं.

आणि उलटही. घरट्याबाहेरचे महिने पक्षी काय खाऊन काढतो यावर तो पुढच्या हंगामात घरटं करेल की नाही हे ठरतं. शिवाय अजून वयात न आलेले चित्रबलाक विणीच्या हंगामातही मोकळेच असतात. दुर्बिणीत मळकट तपकिरी रंगाचा, गुलाबी झुपका आणि छातीचा पट्टा नसलेला करकोचा दिसला तर ते कोवळं पोर समजा. पूर्ण रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात, संसार त्यानंतर. अशा पोरांना वर्षाचे बाराही महिने पोट भरण्यापुरती सुरक्षित जागा हवी असते.

इथे नवी मुंबईच्या तळ्यांचं महत्त्व कळतं. भरतीला चिखल बुडाला की खाडीतले पक्षी जातात कुठे? पाम बीच रोडच्या बाजूच्या याच तळ्यांवर येऊन उभे राहतात, पाणी उतरेपर्यंत. म्हणून पक्षी बघायचे तर या तळ्यांवर भरतीच्या वेळी जावं. खाडीतून होडीने बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फेऱ्या निघतात, त्यांची वेळही भरती-ओहोटी पाहूनच ठरते. बांध घालून आणि पाणी अडवून शहर खाडीकाठी उभं राहिलं, त्यात ही तळी कुठे ठरवून तर कुठे आपोआप झाली. त्यांचा जीव पाण्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत आहे. वाट बुजली की तळं एकतर सुकतं नाहीतर कायमचं तुंबतं, आणि खोल तुंबलेलं पाणी चित्रबलाकाला कोरड्या तळ्याइतकंच निरुपयोगी. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्यांवर फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा भरतीचं पाणी अडल्याचीच चर्चा होती. तळ्याच्या काठी नुसतं कुंपण घालून, सेल्फी पॉइंट आणि दिवे लावून काही साधत नाही. पाइप मोकळा आहे का, हे आधी बघावं.

बाकीचे करकोचे थोडक्यात. उघड्या चोचीचा करकोचा आता आपल्याकडेही दिसतो. त्याच्या दोन चोचींमध्ये फट असते, जन्मतः नसते, मोठेपणी येते. हा गोगलगायी खातो, आणि गोगलगायी पावसात निघतात, म्हणून याची वीण बहुतेक ठिकाणी पावसाळी. बंगालमध्ये रायगंजच्या कुलिक अभयारण्यात याची प्रचंड वसाहत आहे. लोकरी मानेचा करकोचा याच्या अगदी उलट, उंच झाडावर एकट्याचं घरटं, आणि हल्ली मोबाइल टॉवरवरसुद्धा. युरोपातून हिवाळ्यात येणारा पांढरा करकोचा घरटं तिकडेच, गावातल्या छपरांवर आणि धुराड्यांवर करून येतो.

आपल्या शहरात करकोच्यांची घरटी नसली तरी त्यांच्या चुलतभावंडांची आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांवर, पिंपळांवर ढोकरी, रातबगळे आणि गायबगळे घरटी करतात. खाली पार्क केलेल्या गाड्यांची अवस्था बघून ती ओळखता येतात. वास येतो, गाडीचा रंग जातो, तक्रारी होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत "पावसात फांदी पडेल" म्हणून छाटणी निघते. आमच्याही सोसायटीत हा वाद दरवर्षी होतो. छाटणी करायची तर एप्रिल-मेमध्येच उरकावी, घरटी बसायच्या आधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी आणि घरटी मोडणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं, हे सोसायटीच्या बैठकीत सांगितलं की बऱ्याचदा करवत खाली ठेवली जाते. गाडीवर ताडपत्री टाकायला एवढे पैसे लागत नाहीत. रातबगळ्यांच्या अशा जुन्या वसाहती सांभाळणं करकोच्यांच्याही कामाचं आहे, कारण मिश्र वसाहतींमध्ये चित्रबलाक बगळे, पाणकावळे, कुदळ्या यांच्या शेजारीच बसतात.

तेव्हा तळ्यावर जाल तेव्हा एवढं बघत जा. चित्रबलाक नुसता जेवतोय की चोचीत काडी धरून उडतोय? रोज एकाच झाडाकडे जातोय का? डोकं आणि चेहरा नेहमीपेक्षा लालभडक दिसतोय का? असं काही दिसलं तर झाडाजवळ जाऊ नका, ड्रोन तर मुळीच उडवू नका. घरटं धरण्याच्या पहिल्या दिवसांत हा पक्षी सगळ्यात बुजरा असतो आणि थोड्या त्रासानेही जागा सोडून जातो. लांबूनच तारीख, वेळ, झाड आणि पक्ष्यांची संख्या लिहून घ्या, आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा. नेमकी जागा मात्र ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे वीस कॅमेरे उभे असतील.